उजव्या अंगानं फिरणारे परातेकाका

आमच्या ले-आऊटच्या मैदानात सकाळी बरेच लोक फिरायला येतात. कोणी डॉक्टरच्या धाकानं फिरतं, कोणी बायकोच्या. ही सगळी मंडळी मैदानाभोवती फिरतात. परातेकाका मात्र स्वतःभोवती फिरतात.

मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, उजवा हात ताठ समोर धरायचा, मूठ आवळायची, नजर मुठीच्या पलीकडे कुठंतरी लांब लावायची आणि जागच्या जागी फिरत सुटायचं. थोड्या वेळानं थांबायचं, दोन झोकांड्या खायच्या, "जमते, जमते" असं स्वतःलाच सांगायचं, आणि परत सुरू.

मी इथं राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी हा प्रकार पाहिला आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला घेरी आली. धावत जाऊन मी त्यांना कमरेला घट्ट धरलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचा खिसाच कापला होता.

"सोडा ना गा भाऊ! विमान पाडता का माहं?"

मी वर पाहिलं. आकाशात एक घार होती. ती बऱ्यापैकी सुखरूप दिसत होती.

ले-आऊटमध्ये या फिरण्याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत होतं. कोणी म्हणे योगाचा प्रकार आहे, कोणी म्हणे हार्टच्या ऑपरेशननंतर डोक्यात हवा शिरली. आमच्या सौ.चं मत जास्त व्यवहारी होतं. ती म्हणाली, "घरात बायको अंथरुणाला खिळली म्हणजे माणसाला कुठंतरी गरगरावंच लागतं." तिचं म्हणणं अर्धं खरं निघालं, हे मला फार उशिरा कळलं.

खरी गोष्ट अशी होती की काका सराव करत होते. ते एक विमान बांधत होते. लाकडाचं, हातभर लांब, पण खरं इंजिन असलेलं आणि खरं उडणारं. कॉलेजात ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते, तिथं त्यांना हे वेड लागलं. या विमानाला रिमोट वगैरे नसतो. त्याच्या एका पंखातून दोन बारीक तारा निघतात आणि त्या उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला बांधलेल्या असतात. माणूस मध्ये उभा, विमान त्याच्याभोवती गोल गोल. विमान फिरेल तसं माणसानंही फिरायचं, म्हणून घेरी न येण्याचा सराव.

"मनगट वर, नाक वर. मनगट खाली, नाक खाली," काकांनी मला समजावलं. "बाकी एकच ध्यानात ठेवायचं. ढील नाही द्यायची. तार ढिली पडली का विमान तुमचं नाही राहत मंग."

हे 'ढील नाही द्यायची' म्हणजे काकांचं आयुष्याचं सूत्र. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. उभ्या धाग्यांचा ताना ढिला पडला की कापड गेलं, हे काका लहानपणापासून ऐकत आलेले. पुढं ते पाटबंधारे खात्यात नकाशे ट्रेस करायला लागले, पण सूत्र तेच राहिलं. कपडे वाळत घालायची दोरी, भाजीवाल्याशी घासाघीस, रायपूरच्या जावयाशी फोनवरचं बोलणं, भारताची फिल्डिंग, सगळीकडे काका एकच निदान करत. "ढील देल्ली, म्हणून झालं हे."

विमानाचा खोका त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसांत सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतला होता. मग लग्न झालं, बदल्या झाल्या, मुलगी झाली, मुलीचं लग्न झालं, आणि खोका दर घरी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जात राहिला. काका ऑपरेशन करून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना जड काम करू नका, हलकं काहीतरी करा असं सांगितलं. काकांनी विचार केला, बाल्सापेक्षा हलकं लाकूड जगात नाही. खोका खाली उतरला.

आम्ही शेजारी आलो आणि आमचे हाल सुरू झाले. त्यांची गॅलरी आणि आमची गॅलरी यांच्यात फक्त एक भिंत. पंखावर पातळ कागद ताणून बसवायचा आणि त्यावर एक रोगण लावायचं, त्या रोगणाचा वास अगदी नेलपॉलिशसारखा. आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरातल्या बायका दिवसभर दुसरं काही करतच नाहीत. त्यात इंजिनाला लागायचं एरंडेल. काका दर आठवड्याला किराण्याच्या दुकानातून बाटली आणायचे. शेवटी दुकानदाराला राहवलं नाही. चारचौघांत तो म्हणाला, "काकाजी, रोज रोज इतना मत लो. आंतें छिल जाएगी. इसबगोल ले जाओ."

"माह्यासाठी नाही गा," काका म्हणाले. "विमानासाठी पायजे."

दुकानदारानं समजूतदारपणे मान हलवली आणि बाटलीसोबत इसबगोलाचं पाकीटही पिशवीत टाकलं.

आता लीलाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांच्या विमानाची दोरी खरं तर तिकडेच बांधलेली आहे.

काका ऑपरेशनच्या टेबलावर होते तेव्हा काकूंनी बाहेरच्या बाकड्यावर बसून नवस बोलला होता. हे घरी धडधाकट आले तर आपल्या मैदानाकडेच्या गणपतीला मी एकवीस प्रदक्षिणा घालीन, स्वतः. काका आले. चतुर्थीला काकू देवळात गेल्या. काकांचा देवाधर्मावर विश्वास नाही, ते नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर बसले. "तू पुण्य सांभाळ, मी चपला सांभाळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत अभिषेकाचं पाणी फरशीवर सांडलं होतं. प्रदक्षिणा घालता घालता काकूंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. किती फेऱ्या झाल्या होत्या तेही पडण्याच्या धक्क्यात त्या विसरल्या.

रॉड घातला, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत, एवढंच त्यांचं फिरणं. दुखण्याचं त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांना खात होता तो अर्धवट राहिलेला नवस. काकांच्या छातीत जरा कळ आली, साधा गॅस झाला, तरी त्यांचा चेहरा उतरायचा. रात्री त्या उठून काकांच्या नाकापुढं हात धरून बघतात, असं एकदा त्यांनी सौ.ला सांगितलं. "माह्याच्यानं बोललेलं पुरं झालं नाही वं. उद्या यायले काही झालं, त मी काय करू?"

मी एकदा सुचवलं की चाकांच्या खुर्चीवर बसवून प्रदक्षिणा घालू. मीच ढकलतो.

काकूंनी मला अगदी मायेनं निकालात काढलं. "ढकलान तुम्ही, चालान तुम्ही, अन् पुण्य मले? देव काय इतका भोळा हाय का भाऊ?"

"ऑपरेशन डॉक्टरनं केलं, अन् चक्कर मात्र गणपतीले," काका पेपरामागून म्हणाले. "डॉक्टरले एक तरी मारली का चक्कर?"

"तुम्ही नका बोलू," काकू म्हणाल्या, आणि काका परत पेपरात शिरले. मला तेव्हा वाटलं, या माणसाला बायकोच्या जिवाच्या घालमेलीचं काही नाही. स्वतःभोवती फिरणाऱ्या माणसाला दुसरं दिसणार तरी कसं, असा एक सुविचारही माझ्या मनात येऊन गेला. लिहून ठेवला नाही, हे बरं झालं.

वर्षभरानं विमान तयार झालं. पिवळे पंख, लाल शेपटी. दृष्ट लागावी असं देखणं. मी चहाला गेलो होतो तेव्हा काका ते दोन्ही हातांवर घेऊन काकूंच्या पलंगाशी आले आणि हवेत फिरवून दाखवू लागले. "हे पाह्य, असं फिरते."

काकूंनी नीट पाहिलं. "डाव्या अंगानं?"

"हो. सगळे असेच फिरते. नकाशातच तसं हाय."

"म्हणजे उलटी प्रदक्षिणा व्हय."

"आकाशाले उलटं-सुलटं नसते वं!"

"नसन," काकू म्हणाल्या. मग पांघरुणावरचा दोरा ओढत, कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "सुलटं फिरलं असतं त मी म्हटलं असतं, चला, घरातलं कोणीतरी फिरून राह्यलं."

काका विमान घेऊन तसेच उभे राहिले. चहा गार झाला तरी त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहतो तर काका ब्लेडनं विमानाचा पंख फाडत होते. तो वर्षभर ताणून बसवलेला कागद टराटरा निघत होता. मी ओरडलो, "काका, अहो काय करता?" त्यांनी वर पाहिलं नाही. खिडकीच्या काचेवर विमानाचा नकाशा चिकटवला होता, तोही पालथा, छापील बाजू बाहेर. मी म्हणालो, "काका, नकाशा उलटा लागला."

"बरोबर लागला," ते म्हणाले. "तुम्ही तिकून पाहून राह्यले, म्हणून."

त्या दिवसापासून मैदानातही फरक पडला. इतके दिवस डावीकडे फिरणारे परातेकाका उजवीकडे फिरायला लागले. ले-आऊटमध्ये खळबळ उडाली. एक जण म्हणाला, उतारा पडला वाटतं. पहिले काही दिवस काकांना उजवीकडची घेरी फार यायची. एकदा तर ते फिरता फिरता थेट आमच्या कंपाऊंडच्या जाळीला येऊन भिडले. जाळी धरून ते म्हणाले, "भाऊ, तुमची ती फिरती खुर्ची हाय ना, ती एक दिवस पायजे होती."

करोनात घरून काम करायला मी एक गोल फिरणारी खुर्ची घेतली होती. मला वाटलं, म्हाताऱ्यानं हार मानली, आता बसून फिरणार. मी हसलो. काका हसले नाहीत. जाळीपलीकडून, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

विमानाच्या तारा डाव्या पंखातून निघतात, त्या उजव्या पंखात न्यायच्या. तोल साधायला उजव्या टोकाशी शिसं असतं, ते डाव्या टोकाला. शेपटी वाकवायची ती उलट बाजूला. म्हणजे सबंध विमानच आरशात दिसावं तसं करायचं. कारण प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला लागतो. मैदानाच्या मध्ये खुर्ची ठेवायची, खुर्चीत काकू, काकूंच्या मांडीवर देवघरातला पितळी गणपती.

"विमान कोणाभोवती फिरन मंग?" काकांनी मला विचारलं.

"पण तुमचा तर विश्वास नाही," मी म्हणालो.

"माहा कुठी हाय? तिचा हाय ना. अन् नवस तिचा हाय. मी फक्त चपला सांभाळून राह्यलो," काका म्हणाले.

काकूंना पटवणं मात्र सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकिलासारखा एकच प्रश्न विचारला. "दोरी कोणाच्या हातात?"

"माह्या."

"मंग प्रदक्षिणा तुमची झाली. नवस माहा हाय."

काकांनी मूठ पलंगावर तिच्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "दोरी तुह्या हातात देतो."

"मले जमन का?"

"जमते. ढील नाही द्यायची, बस."

पुढचे काही आठवडे मी त्या घरात जे पाहिलं ते कोणाला सांगून पटणार नाही. काकू पलंगावर टेकून बसलेल्या, हातात लाकडी मूठ, मुठीच्या दोन दोऱ्या समोरच्या कपाटाच्या दारांना. मनगट वर, की एक दार उघडायचं. मनगट खाली, की दुसरं. आतल्या साड्या, डबे, रायपूरच्या नातवाचे फोटो उघडे पडायचे आणि झाकले जायचे. काका कमरेवर हात ठेवून ओरडायचे, "वर! वर! आता हळू खाली! अवं, नाक आपटलं ना!" वॉकरशिवाय एक पाऊल न टाकणाऱ्या काकू हसून हसून लाल व्हायच्या. त्या घरात इतकं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तिळी चतुर्थीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी म्हणालो, "काका, एकदा उडवून तर पाहा. न पाहता एकदम काकूंच्या हातात देता?"

काका माझ्यावर चिडले. "नैवेद्य चाखून दाखवतात का गा? उष्टं विमान देवाले कसं चालन?"

देव न मानणाऱ्या माणसाचं हे सोवळं ऐकून मी कपाळावर हात मारला. आता पहिलं उड्डाण हेच खरं उड्डाण होतं. पडलं असतं तर काकूंचा नवस दुसऱ्यांदा मोडला असता, आणि या वेळी तो काकांच्या हातून मोडला असता. त्या रात्री काकांच्या गॅलरीतला दिवा बराच वेळ चालू होता.

सकाळी धुकं उतरल्यावर आम्ही खुर्ची मैदानात नेली. काकूंनी सासऱ्यांच्या मागावरची जुनी रेशीमकाठी साडी नेसली होती. मांडीवर गणपती, त्याला दूर्वा, पुढ्यात तिळाचा लाडू. मला पलीकडच्या टोकाला विमान धरून बसवलं होतं. काम एवढंच, काकांनी मान हलवली की सोडायचं. अर्धं ले-आऊट काठावर जमलं होतं. किराणा दुकानदारही आला होता, इतके दिवस आपलं एरंडेल जातं तरी कुठं, हे पाहायला.

इंजिन लवकर लागेना. काका बोटानं विमानाच्या नाकावरचा पंखा फटकारत होते, इंजिन खोकल्यासारखं करून गप्प बसत होतं. एकदा पंख्यानं त्यांच्या बोटाचा चावाही घेतला. मैदानाच्या मधून काकू ओरडल्या, "एरंडेल जास्त झालं असन!" ले-आऊट हसलं. मग एकदम कानठळ्या बसवणारा आवाज झाला, माझ्या तोंडावर तेल उडालं, आणि हातातलं विमान जिवंत असल्यासारखं थरथरायला लागलं.

काका धावत मध्ये गेले. काकूंच्या मागं उभे राहिले, खाली वाकून त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि मान हलवली. मी हात सोडला.

विमान गवतावरून धावलं, उचललं, आणि लगेच नाक खाली करून जमिनीकडे निघालं. काकांचं तोंड उघडं पडलं, आणि हात तसाच थिजला. पण काकूंचं मनगट कपाटाच्या दारांवर तयार झालेलं होतं. ते वर गेलं. विमान गवताला घासता घासता वर चढलं आणि उजव्या अंगानं, देवाला उजव्या हाताला ठेवून, फिरायला लागलं.

एक पाय खुर्चीशी लावून काका खुर्ची फिरवत होते, सोबत स्वतः तिच्याभोवती सरकत होते. इतक्या सकाळींचा सराव कामी आला. काकू मोठ्यानं मोजत होत्या. काठावरचे लोकही मोजायला लागले. एकवीस झाल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पतंगाला 'ओ काट' म्हणून ओरडतात तसं कोणीतरी ओरडलं. काकूंनी डाव्या हातानं गणपतीला धरून डोळे मिटले.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता थांबवा."

"थांबत नाही ते," काका म्हणाले. "टाकीतलं संपेपर्यंत फिरते."

"मंग हे वरचे फेरे कोणाचे?"

मी एव्हाना तारांखालून वाकत त्यांच्या जवळ पोहोचलो होतो, म्हणून मला काकांचं उत्तर ऐकू आलं. नाहीतर इंजिनाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नसतं. बहुतेक म्हणूनच त्यांनी ते तेव्हा दिलं.

"माहे," ते म्हणाले.

"तुमचे? तुम्ही कवा नवस बोलले?"

"आत्ताच. तुह्या पायासाठी."

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मुठीवरून सुटू पाहत होता. पलीकडे तार किंचित सैल झाली, विमान डगमगलं. काकूंनी आपला दुसरा हात गणपतीवरून उचलला, काकांचा हात मुठीवर घट्ट दाबून धरला, आणि वर न पाहता म्हणाल्या, "अवो, ढील काहून देता? माहे झाले. तुमचे राह्यले ना अजून."